छोटी चिचुंद्री की मोठीचं पिल्लू? कोकणातल्या चिचुंद्र्या ओळखण्याची आणि नोंदवण्याची रीत

सकाळी न्हाणीघरातल्या बादलीत, माडाच्या आळ्यासाठी काढलेल्या खड्ड्यात किंवा मांजराने उंबऱ्यावर आणून टाकलेली करंगळीएवढी चिचुंद्री कोकणात अधूनमधून सापडते. घरातलं माणूस म्हणतं, ‘चिचुंद्रीचं पिल्लू’, आणि केरसुणीने ती बाहेर जाते. बहुतेक वेळा ते पिल्लूच असतं. पण कधीतरी ती पूर्ण वाढलेली, वेगळ्याच जातीची चिचुंद्री असते: सन्कस इट्रस्कस, वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी. उपखंडात तिच्या नोंदी विखुरलेल्या आहेत, कारण ती दिसली तरी पिल्लू समजून फेकली जाते. याच्या उलटही तेवढंच घडतं. घरातल्या चिचुंद्रीच्या पिलाचा फोटो काढून खाली ‘जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी’ असं लिहिलं की नकाशावर एक खोटा ठिपका पडतो, आणि तो पुसायला वर्षं जातात. दोन्ही चुका टाळण्यासाठी वजन, दात आणि जागा या तीन गोष्टी नीट टिपलेल्या हव्यात. त्या कशा टिपायच्या ते पुढे दिलं आहे.

आधी उंदीर वगळा

चिचुंद्री हा उंदीर नव्हे, तिचं नातं जाहक (हेजहॉग) आणि जमिनीत बिळं खणणारा मोल यांच्याशी आहे. पूर्वी या सगळ्यांना ‘कीटकभक्षी’ नावाच्या गणात घालत. तो गण आता मोडला आहे आणि त्यातले हे प्राणी युलिपोटिफ्ला या गणात ठेवतात. चिचुंद्र्यांचं कुळ सोरिसिडी. आपल्याकडच्या चिचुंद्र्या त्यातल्या पांढऱ्या दातांच्या क्रोसिड्युरिनी या उपकुळात येतात. हिमालयाकडे मिळणाऱ्या काही चिचुंद्र्यांच्या दातांची टोकं लोहामुळे तांबडी असतात. कोकणात दात तांबडे दिसले तर ते रक्त असतं. ओल्या कापसाने पुसून पुन्हा पाहा.

हातात आलेला प्राणी उंदीर की चिचुंद्री हे ठरवायला पुढचा पंजा पुरतो. उंदराच्या पुढच्या पंजाला चार बोटं दिसतात, अंगठ्याच्या जागी नुसता उंचवटा असतो. चिचुंद्रीला पुढे-मागे पाच-पाच बोटं असतात. तोंड उघडून पाहिलं तर उंदराला पुढे पटाशीचे दात, मग मोठी मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीच्या तोंडात मोकळी जागा नसते, टोकदार दातांची रांग सलग मागेपर्यंत जाते. शेपटीवर आखूड केसांतून लांब, विरळ, ताठ केस उभे राहिलेले दिसतात. शेपूट उजेडासमोर धरली की ते चटकन कळतात. लेंड्यांचा फरकही घरात उपयोगी पडतो. उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्यासारखी कोरडी असते, चिचुंद्रीची मऊ, वेडीवाकडी आणि भिंतीच्या कडेला एकाच कोपऱ्यात साठलेली.

कोकणात कोणत्या जाती डोक्यात ठेवायच्या

घरातली, चूंचूं करत भिंतीच्या कडेने धावणारी, उग्र वासाची ती सन्कस म्युरिनस. लिनियसने १७६६ मध्ये जावा बेटावरच्या नमुन्यावरून तिला नाव दिलं. ही माणसामागून फिरलेली जात आहे. जहाजांतून ती अरबस्तान, पूर्व आफ्रिका, मॉरिशस इथपर्यंत पोचली, १९५३ मध्ये ग्वाममध्ये सापडली. त्यामुळे बंदराच्या गावात ती मिळणं यात नवल नाही. पूर्ण वाढलेला नर १०० ग्रॅमच्याही वर जातो, मादी बरीच लहान असते.

दुसरी सन्कस इट्रस्कस. इटलीतल्या पिसा भागातून पाओलो सावी यांनी १८२२ मध्ये तिचं वर्णन केलं. नाव एट्रुरिया या जुन्या प्रांतावरून आलं. भूमध्य समुद्राच्या काठापासून पश्चिम आशियामार्गे भारत आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत तिचा पसारा सांगतात. १८४२ मध्ये दुव्हर्नॉय यांनी निलगिरीतल्या नमुन्याला पेरोटेटी हे नाव दिलं होतं. ते आज बहुतेक ठिकाणी याच जातीत धरतात. जुन्या याद्या चाळताना हे नाव दिसलं तर ती वेगळी जात समजून दोनदा मोजू नका. एवढा मोठा पसारा एकाच जातीचा आहे का, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. म्हणूनच कोकणातल्या नमुन्याचं ऊतक, म्हणजे डीएनए तपासता येईल असा शरीराचा भाग, जपून ठेवण्याला किंमत आहे.

तिसरी सन्कस स्टोलिझ्कानस, अँडरसन यांनी १८७७ मध्ये वर्णन केलेली. तिचा मूळ नमुना मुंबईचा म्हणून नोंदलेला आहे, तरी ही मुख्यतः कोरड्या प्रदेशातली जात. आकाराने वरच्या दोघींच्या मधली, रंगाने फिकट राखाडी. दक्षिण सह्याद्रीत उंच डोंगरांवर सन्कस डायी आणि सन्कस नायजर आहेत. किनाऱ्यालगतच्या गावात मिळालेल्या चिचुंद्रीला यातलं नाव देण्याची घाई करू नये.

वजन: सगळ्यात निर्णायक आकडा

इट्रस्कसचं वजन साधारण १.३ ते २.५ ग्रॅम, डोकं-धड ३.५ ते ५ सेंटिमीटर, शेपूट सुमारे २.५ ते ३ सेंटिमीटर. घरातल्या चिचुंद्रीचं नुकतं जन्मलेलं पिल्लूच २-३ ग्रॅमचं असतं, पण ते गुलाबी, बिनकेसाचं आणि मिटल्या डोळ्यांचं असतं. अंगावर नीट लव येऊन डोळे उघडेपर्यंत त्याचं वजन ३ ग्रॅमच्या बरंच पुढे गेलेलं असतं. सगळी गोम इथे आहे. अंगभर केस, उघडे डोळे, दात पूर्ण, आणि तरी वजन ३ ग्रॅमच्या आत, असं चारही जुळलं तर ते पिल्लू असूच शकत नाही. पाच ते पंधरा ग्रॅमची केसाळ चिचुंद्री मिळाली तर आधी म्युरिनसचं पिल्लू समजा. डोकं धडाच्या मानाने मोठं, पावलं अंगापेक्षा पुढे वाढलेली आणि लव मखमली, आखूड असेल तर शंका उरत नाही. पिल्लं आईच्या मागे एकमेकांच्या शेपटीचं बूड धरून आगगाडीसारखी चालतात. अशा वेळी वाट चुकलेलं एखादं पिल्लू बादलीत पडतं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे चालत नाही. तो ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो आणि बरेच काटे दोन ग्रॅमखालचं वजन दाखवतच नाहीत. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा घ्या, किंवा गावातल्या सोनाराकडे जा. प्राणी बंद पिशवीत ठेवून न्या आणि तशाच रिकाम्या पिशवीचं वजन वजा करा. बादलीत बुडालेली चिचुंद्री ओली असते. केसांतलं पाणी वजन फसवण्याइतकं भरतं, तेव्हा टिपकागदाने दाबून कोरडी करा आणि नोंदीत ‘ओली होती’ असं लिहा. उन्हात वाळलेल्या किंवा मुंग्यांनी खाल्लेल्या प्राण्याचं वजन लिहूच नका. अशा वेळी मागच्या पावलाच्या लांबीवर भर द्या.

मापं मरणानंतर जितक्या लवकर घ्याल तितकी चांगली. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत डोकं-धड, तिथून शेवटच्या मणक्यापर्यंत शेपूट, टोकावरचे केस सोडून. मागचं पाऊल टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत, आणि नख धरलं की सोडलं ते लिहा. एवढ्या लहान पावलात नखाचा अर्धा मिलिमीटरही फरक पाडतो. इट्रस्कसचं पाऊल साधारण ७-८ मिलिमीटर, मोठ्या म्युरिनसचं २० मिलिमीटरच्या आसपास. अंग ताणून मापू नका. ताठरलेली चिचुंद्री ओढली की तीन-चार मिलिमीटर सहज ‘वाढते’.

दात कसे मोजायचे

वरच्या जबड्यात अगदी पुढे आकड्यासारखा वाकलेला मोठा दात असतो. त्याच्या मागे एकाच टोकाचे छोटे दात रांगेने येतात, मग अनेक टोकांच्या दाढा. हे एकटोकी दात चार असतील तर सन्कस प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस), तीन असतील तर क्रोसिड्युरा ही दुसरी प्रजाती. सन्कसचे एकूण दात ३०, क्रोसिड्युराचे २८. मोजताना नेमकी चूक होते ती चौथ्या दाताशी. तो टाचणीच्या टोकाएवढा असतो आणि पुढच्या दाढेच्या कडेखाली दडतो. बाहेरच्या बाजूने पाहिलं तर तीनच दिसतात. ओठ टाचणीने उचला, टाळूच्या बाजूने दहा ते वीस पट भिंगातून पाहा, दोन्ही बाजू मोजा. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स चालते, पण उजेड एका कुशीने पाडा. समोरून पाडला तर पांढरे दात एकमेकांत मिसळून जातात. तीनच मिळाले तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या.

प्राणी पूर्ण वाढलेला आहे की नाही याचा आणखी एक भरवशाचा पुरावा मादीत मिळतो. पोटाच्या मागच्या भागात तीन जोड्या स्तन असतात. ते फुगलेले असले किंवा ती गाभण असली तर आकार कितीही छोटा असो, ते पिल्लू नाही.

फोटो

शाळेचा मिलिमीटर आखलेला आलेख कागद खाली अंथरा. नाणं ठेवायची सवय आहे, पण एक रुपयाच्या नाण्याचा व्यास वेगवेगळ्या मालिकांत वेगळा आहे, म्हणून नाणं ठेवलंच तर त्यावरचं वर्षही दिसू द्या. एक फोटो वरून, एक कुशीवरून, एक पोटाकडून, एक मागच्या पावलाचा, एक शेपटीचा उजेडासमोर, एक दातांचा. कॅमेरा कागदाला समांतर धरा. तिरका धरला की कडेचे मिलिमीटर आखडतात आणि माप खोटं येतं. हातमोज्याच्या बोटावर ठेवलेला फोटो लोकांना आवडतो, ओळखीला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

जिवंत सापडली तर

इथे घाई करायला हवी आणि ती योग्य दिशेने. इट्रस्कसच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १,५००च्या वर मोजले गेले आहेत. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट खाणं तिला लागतं. डब्यात ठेवून ‘संध्याकाळी बघू’ म्हटलं तर संध्याकाळी ती मेलेली असते. कागदी पेला तिच्यावर उपडा घाला, खालून जाड कागद सरकवा, पारदर्शक बरणीत थोड्या पाचोळ्यासह सोडा, दोन-तीन मिनिटांत फोटो काढा. बरणीसकट वजन करा, मग जिथे सापडली त्याच्या जवळच्या गडग्याच्या सावलीत सोडा. उघड्या अंगणात सोडू नका. कावळा किंवा मांजर उचलतं.

ती गार आणि निपचित वाटली म्हणजे मेली असं नाही. उपासमार किंवा गारठ्यात ही चिचुंद्री शरीराचं तापमान खूप उतरवून जडत्वात जाते. पावसात भिजलेली अशी सापडली तर सुक्या सुती कापडात सैल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं उबेत ठेवा. हलू लागली की एखादा लहान नाकतोडा किंवा रातकिडा पुढे टाका आणि सोडून द्या. दूध पाजू नका.

पकडण्यासाठी मुद्दाम सापळे किंवा पडखड्डे करायचे असतील तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. इथे सांगितलेली सगळी कामं आपोआप सापडलेल्या प्राण्यांवर होतात, आणि खरं सांगायचं तर त्यातूनच भरपूर मिळतं.

शोधायचं कुठे

पोफळीच्या वाडीतला ओला पाचोळा, चिऱ्यांच्या गडग्यातल्या फटी, झावळ्यांचे आणि सोडणांचे ढीग, गोठ्यामागचा उकिरडा, सड्यावरच्या कातळातल्या भेगा. कीटक आणि ओल जिथे, तिथे चिचुंद्री. पण अशा ठिकाणी हात घालून ती सापडत नाही, आणि सापही असतात. त्यापेक्षा गुळगुळीत भिंतींच्या जागा पाहा: सिमेंटच्या टाक्या, जमिनीत पुरलेली पिंपं, घराच्या पायासाठी खणलेले चर, लागवडीचे खड्डे. हलकी चिचुंद्री आत पडली की वर चढू शकत नाही. ऑक्टोबर ते मे रोज सकाळी, ऊन वर येण्याआधी या जागा पाहून घ्या. जूननंतर खड्डे पाण्याने भरतात आणि पाहणीला अर्थ उरत नाही. तेव्हा पिंपात एक खडबडीत फळी तिरकी ठेवा, म्हणजे पडलेला प्राणी वर तरी येईल.

मांजर हा दुसरा मोठा नमुना गोळा करणारा. वासामुळे मांजर चिचुंद्री मारतं पण सहसा खात नाही, म्हणून सकाळी पडवीत आणि मागीलदारी ती अख्खी मिळते.

तिसरा मार्ग सर्वांत श्रीमंत आहे. गव्हाणी घुबड भक्ष्य अख्खं गिळतं आणि हाडं-केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. पडकं घर, जुनं देऊळ, गडाचा बुरूज, भाताचं जुनं कोठार यांच्या खाली या गोळ्या साठतात. नोव्हेंबर ते मे त्या गोळा कराव्यात, पावसात त्या विरघळतात. घरट्यात पिल्लं असतील तर तिकडे जाऊ नका. आणि घुबडाची जागा कुणालाही सांगू नका, नकाशावरही टाकू नका. जादूटोण्यासाठी घुबडं मारणारे लोक अशीच माहिती शोधत असतात.

गोळी मोडताना मास्क आणि हातमोजे घाला. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून तासभर भिजवा आणि पांढऱ्या बशीत दोन चिमट्यांनी हलके उलगडा. उकळू नका, दात निखळतात. केस विरघळवायला कॉस्टिक सोडा वापरण्याची पद्धत मोठ्या उंदरांच्या कवट्यांना ठीक आहे. दोन ग्रॅमच्या चिचुंद्रीची कवटी त्यात टिकेल याचा भरवसा नाही, आणि हातही भाजतात. कवटी मिळाली की गालाकडे पाहा. उंदराला आणि वटवाघळाला गालाच्या हाडाची कमान असते, चिचुंद्रीला नसते. इट्रस्कसची कवटी साधारण १३ मिलिमीटर लांब, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, म्युरिनसची ३० मिलिमीटरच्या आसपास. बशीतलं पाणी फेकण्याआधी चहाच्या गाळणीतून गाळा. लहान जबडे नेहमी त्या पाण्याबरोबरच जातात.

घुबड लांबवर शिकार करतं. म्हणून गोळीतल्या चिचुंद्रीची जागा ‘या देवळाजवळ’ अशी लिहिणं चूक आहे. भोवती दोन-तीन किलोमीटरची अनिश्चितता लिहा.

हातमोजे, आणि का

चिचुंद्रीच्या मुतातून लेप्टोस्पायरा जंतू पसरू शकतात आणि कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण दरवर्षी असतात. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो पसरवणाऱ्या गोचिडींची पिल्लं लहान सस्तन प्राण्यांवर वाढतात. मेलेला प्राणी गार झाला की गोचिडी आणि पिसवा त्याला सोडून जवळच्या उबदार अंगाकडे येतात. म्हणून आधी बंद पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवा (जेवणाच्या फ्रीजरमध्ये नव्हे), मग मापं घ्या. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा. नंतर टेबल एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणाने पुसा. उंदराच्या औषधाने मेलेल्या चिचुंद्रीला कुत्र्या-मांजराने तोंड लावू नये याची काळजी वेगळीच.

नमुना जपणं

दोन ग्रॅमचा प्राणी ९५ टक्के इथेनॉलमध्ये अख्खा ठेवला तर शरीरही टिकतं आणि डीएनएही. पोटावर पाच मिलिमीटरची चीर द्या, नाहीतर आतली आतडी कुजतात आणि बाहेरून प्राणी ठीक दिसतो. प्राण्याच्या किमान पाचपट इथेनॉल घ्या आणि एक-दोन दिवसांनी बदला, कारण अंगातलं पाणी त्याला पातळ करतं. फॉर्मलीन वापरू नका, डीएनए निकामी होतो. हात धुवायचं सॅनिटायझर तर नकोच. इथेनॉल नसेल तर दोन पिशव्यांत फ्रीजरमध्ये ठेवा.

चिठ्ठी पेन्सिलीने, जाड कागदावर, आणि बाटलीच्या आत. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते. महिना अक्षरात लिहा, नाहीतर ६/७ म्हणजे जून की जुलै यावर पुढे वाद होतो. गाव पुरत नाही: वाडी, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत, आणि नेमकी जागा, उदाहरणार्थ ‘पोफळीच्या वाडीतली सिमेंटची टाकी, गडग्यापासून ४ मीटर’.

बाटली कुरिअरने पाठवता येत नाही, स्पिरिट ज्वालाग्राही आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्याचं पश्चिम विभागीय केंद्र ही नमुन्यांचा संग्रह असलेली ठिकाणं. आधी फोटो आणि मापं पाठवून विचारा, कागदपत्रं काय लागतात ते वनविभागाकडून समजून घ्या, मगच नमुना न्या.

नकाशावर ठिपका टाकताना

आयनॅचरलिस्टसारख्या, लोकांनी पाहिलेल्या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंद करताना वजन आणि दातांची संख्या वर्णनात लिहा. वजन नसेल तर फक्त ‘सन्कस’ इथे थांबा. प्रजातीपर्यंतची खरी नोंद जातीपर्यंतच्या चुकीच्या नोंदीपेक्षा कितीतरी मोलाची.

पुस्तकातल्या नकाशात भारताचा मोठा भाग रंगवलेला दिसतो. तो रंग बऱ्याचदा दूरदूरच्या मोजक्या ठिपक्यांना जोडून भरलेला असतो, त्यामुळे ‘नकाशात आहे’ हा ओळखीचा पुरावा धरू नये. ‘नकाशात नाही’ हाही धरू नये.

आणि न सापडल्याचीही वही ठेवा. तीन टाक्या दहा सकाळी पाहिल्या तर ३० तपासण्या झाल्या. त्यात काय मिळालं आणि काय नाही, दोन्ही लिहा. घुबडाच्या ५० गोळ्या उलगडून त्यांत एकही इट्रस्कस मिळाली नाही, पण म्युरिनसच्या कवट्या आणि शेतातले उंदीर मिळाले, तर ती त्या गावाची पहिली पक्की यादी असू शकते. वहीत प्रत्येक पानावर तपासण्यांची संख्या वरच्या कोपऱ्यात लिहा, म्हणजे वर्षाअखेर बेरीज करताना पानं पुन्हा चाळावी लागत नाहीत.